छपरातला एक थेंब आणि माझा अचूक नकाशा

छपरातली गळती शोधणं म्हणजे काय हो? ज्याच्या खांद्यावर डोकं आहे त्याचं अर्ध्या तासाचं काम! हे मी म्हणत नाही, म्हणजे आता म्हणत नाही. त्या सोमवारी सकाळी मात्र मी हे अगदी छाती पुढे काढून, चहाचा कप हातात धरून, बायकोसमोर म्हणालो होतो. पुढे मी असंही म्हणालो, की ज्याने तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढले, अख्ख्या शहराचं पाणी ज्याच्या पेन्सिलीच्या टोकावरून वाहिलं, त्याच्यापुढे एक थेंब तो काय टिकणार!  बायकोने शिवणयंत्राच्या सुईत दोरा ओवला आणि दाताने तोडला. पंचवीस वर्षं लोकांचे कपडे शिवते आहे ती. दोरा तोडण्याच्या पद्धतीवरून तिचं मत मला कळतं.

आता मुळापासून सांगतो. निवृत्त झाल्यावर मी एक मोटरहोम घेतलं. जुनंच, पण ऐटदार. पुढे स्टिअरिंग, मागे बिछाना, मध्ये ओटा, बेसिन, एवढंसं कपाट आणि त्याहून एवढासा संडास. चाकांवरचं घरच की! तीस वर्षं मी टेबलावर वाकून कागदावर रस्ते आणि नळ ओढले. एक मुख्य जलवाहिनी तर मी पार समुद्रापर्यंत नेली होती, पण माझी खुर्ची कधी खिडकीपर्यंतसुद्धा सरकली नाही. तेव्हा ठरवलं होतं, एक दिवस बायकोला घेऊन त्या रेघांवरून स्वतः जायचं. खरं सांगतो, मला त्या गाडीचं वेड लागलं होतं. रोज सकाळी उठून मी आधी अंगणात जाऊन तिला बघून यायचो.

बायकोला मात्र वेड लागलं नव्हतं. "अंगण गेलं माझं," एवढंच ती म्हणाली होती. तरी मी तिला महिनाभर लोणी लावलं आणि एका रविवारी दुपारी गाडीतच आडवं व्हायला राजी केलं. पाऊस पडत होता, पडदे ओढलेले, वातावरण कसं झकास! तिचा डोळा लागणार एवढ्यात टप्! थेंब. थेट कपाळाच्या मधोमध.

"अहो, गळतंय."

"छे! बाहेरून उडाला असेल."

"खिडकी बंद आहे. थांबा." ती डोळे मिटून मोजायला लागली. "एक, दोन, तीन..." अकराला पुन्हा टप्! पुन्हा अकरा, पुन्हा टप्! थेंबसुद्धा असा शिस्तीचा, की आमच्या कचेरीत लागला असता तर बढती मिळवून गेला असता.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी चहाच्या वेळी बायकोने निकाल दिला. पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता ती पुन्हा त्याच जागी अर्धा तास झोपणार. छपरावर मी नळीने पाणी सोडायचं. कपाळावर एक थेंब जरी पडला, तर गाडीची किल्ली समोरच्या दातांच्या डॉक्टरांना द्यायची. या डॉक्टरांना आमच्या गाडीत फिरता दवाखाना करायचा होता. सज्जन माणूस, पण येताजाता कुंपणावरून गाडीकडे असं बघायचे, जशी ती हलायला लागलेली दाढ आहे.

"कबूल?" बायकोने विचारलं.

"कबूल!" मी म्हणालो आणि वर तो अर्ध्या तासाचा डायलॉग मारला.

कामाला लागलो तो शास्त्रशुद्ध! मंगळवारी गाडीत बिछान्यावर उताणा पडलो, डोकं गाडीच्या पुढच्या बाजूला, छातीवर फळी, फळीवर कागद. अख्ख्या छताचा नकाशा काढला. प्रमाण एकास दहा. मधोमध हवेचा झरोका, म्हणजे छताला असते ती वर उघडणारी खिडकी. तिच्यापासून दोन वीत मागे आणि अडीच वीत उजवीकडे, थेंबाची जागा. तिथे लाल पेन्सिलीने टिंब दिलं. खाली सही केली, तारीख घातली. काय सुबक नकाशा झाला होता म्हणून सांगू! मी तो बायकोला लांबूनच दाखवला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण गळती कागदावर नाहीये ना?"

या टोमण्याकडे मी दुर्लक्ष केलं. शिडी लावली, नकाशा दातात धरला, कमरेला फटी बुजवायच्या सीलंटची गन खोचली आणि वर चढलो. गाडीच्या छपरावर उभं राहायचं नसतं, वजन पडून पत्रा दबतो. म्हणून मी पोटावर पडून, पुढे तोंड करून, सरपटत निघालो. झरोका सापडला. दोन वीत मागे, अडीच वीत उजवीकडे. तिथे चार स्क्रू आणि पत्र्याचा एक सांधा होता. सापडलास लेका! मी गनचा घोडा दाबला आणि अख्खी नळकांडी तिथे रिकामी केली. मग दुसरीही केली. जेवणाच्या ताटाएवढा पांढरा ढीग झाला. बुधवारभर तो वाळू दिला.

गुरुवारी नळीने पाणी सोडलं. आत बिछान्यावर एक वाटी ठेवली होती. मी शिडीवरून खाली उतरून, विजयी मुद्रेने आत डोकावलो.

टप्!

मी मोजलं. अकरा!

"किती मोजले?" अंगणातून बायकोने विचारलं.

"सध्या निरीक्षण चालू आहे," मी म्हणालो. शुक्रवारी मी तिसरी नळकांडी रिकामी केली, त्याच जागी, त्याच ढिगावर. शनिवारी सकाळी पुन्हा पाणी. पुन्हा अकरा.  उद्या रविवार होता, आणि डॉक्टर कुंपणापाशी उभे राहून स्वतःशीच हाताने काहीतरी मोजत होते. बहुतेक खुर्ची कुठे बसवायची ते.

अशा वेळी देव जसा भक्तासाठी धावतो, तसा न बोलावता धावून आला तो माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. याचं टायरचं दुकान आहे. पंक्चर काढण्यात हयात गेली. त्यामुळे जगातली प्रत्येक अडचण ही त्याच्या मते एक पंक्चर असते.

"भाऊजी, तुमचं चुकतंय कुठे सांगू?" छपरावरचा ढीग बघून तो म्हणाला. "तुम्ही पाण्याने शोधताय. पाणी लबाड असतं. शिरतं एकीकडून, टपकतं दुसरीकडून. हवा कशी सरळमार्गी! आतून हवा भरायची, वरून साबणाचं पाणी लावायचं. जिथे बुडबुडे, तिथे भोक. खेळ खलास!"

"अरे, पण ही गाडी आहे, ट्यूब नाही."

"दारं-खिडक्या बंद केल्या की ट्यूबच की ती!"

तासाभरात तो एक ब्लोअर घेऊन आला. मुलांना उड्या मारायला तो फुगवलेला रबरी किल्ला असतो ना, तो फुगवायचा! त्याचं तोंड आम्ही खिडकीतून आत घेतलं, आजूबाजूला उशा कोंबल्या आणि चिकटपट्टी लावली. मग बेसिनचं भोक, ओट्याच्या फटी, फ्रिजमागची जाळी, सगळ्यांवर चिकटपट्टी. ब्लोअरच्या वेगाची चावी आत, एक ते पाच आकड्यांची. ती सांभाळायला आत कोण बसणार? मी! मेहुण्याने बाहेरून दारावरही चिकटपट्टी मारली आणि बायको हातातलं ब्लाउज तसंच धरून बघत उभी राहिली.

"हवा-बिवा संपणार नाही ना यांची?" तिने विचारलं.

"ताई, आत हवाच हवा आहे!" मेहुणा म्हणाला.

ब्लोअरच्या घरघरीत हाका ऐकू येणार नाहीत, म्हणून आम्ही खूण ठरवली. वरून एकदा ठक् झालं की मी वेग एकाने वाढवायचा. लागोपाठ दोनदा ठक्-ठक् झालं की बंद करायचं. सोपं होतं. मी नियमाचा माणूस, मेहुणा हुशार. यात चुकायला जागाच कुठे होती, तुम्हीच सांगा!

मी वेग एकवर ठेवला. पडदे हलले. वर मेहुण्याच्या ढोपरांचा खरखर आवाज, ब्रशचा सपसप आवाज. मग ठक्! मी वेग दोनवर नेला. पडदे भिंतीला चिकटले. जरा वेळाने ठक्! तीन. माझ्या कानांना दडे बसले. ठक्! चार. कपाटाचं दार आपोआप दबून करकरलं, छत वर उचलल्यासारखं दिसायला लागलं. मी म्हटलं, असेल बुवा, त्याच्या धंद्यातलं त्याला कळतं. तेवढ्यात ठक्! मी क्षणभर थबकलो. पण नियम म्हणजे नियम. वेग पाच!

खरी भानगड मला नंतर कळली. आमच्या मेहुण्याला दुकानातली सवय. टायर हातात आलं की छोट्या हातोडीने ते ठोकत ठोकत फिरवायचं, आवाजावरून कुठे ढिलं आहे ते कळतं म्हणे. त्या सवयीने तो छपरावरचा एकेक स्क्रू ठोकत चालला होता. खुणेबिणेचं त्याच्या गावीही नव्हतं! एक स्क्रू, एक ठक्. सरके जरा पुढे. दुसरा स्क्रू, दुसरा ठक्. छपरावर स्क्रू होते एकशेचाळीस. माझ्याकडे आकडे होते पाच.

पाचवर दोन मिनिटं गेली असतील. मी "पुरे! पुरे!" म्हणून ओरडतोय, मला माझाच आवाज ऐकू येत नाहीये. आणि मग फाट्!

झरोक्याचं झाकण उडालं. उडालं म्हणजे काय, पाखरासारखं गेलं! माझ्या डोक्यावर एकदम निळं आकाश आलं आणि त्या आकाशात मेहुण्याचं साबणाने माखलेलं तोंड आलं.

"भाऊजी, एवढी हवा कशाला भरलीत?"

"तूच ठोकत होतास ना!"

"मी? मी तर स्क्रू तपासत होतो!"

दारावरची चिकटपट्टी बायकोने कात्रीने टराटरा कापली. तिने आधी मला नीट बघितलं, हात-पाय, कान, डोळे. सगळं जागेवर आहे म्हटल्यावर वर बघितलं.

"एक थेंब शोधायला गेलात," ती म्हणाली, "आणि अख्खं आभाळ आत घेतलंत!"

तेवढ्यात फाटक वाजलं. डॉक्टर. हातात आमचं झाकण, झाकणावर त्यांच्या कुंडीतली माती आणि एक लाल फूल.

"हे तुमचंच ना?" त्यांनी अदबीने विचारलं. मग गाडीच्या छपराकडे बघून म्हणाले, "वर उजेडासाठी मोठी जागा केलीत, छान केलंत. दात बघायला भरपूर उजेड लागतो."

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पण मेहुणा खाली उतरला तो नाचतच. "भाऊजी, झाकण गेलं खड्ड्यात! बुडबुडे आले होते! पावसाळी बेडूक फुगावा तसा एकच मोठा बुडबुडा, एकाच स्क्रूपाशी. झरोक्याच्या डावीकडे!"

"डावीकडे? शक्यच नाही. उजवीकडे."

"अहो, मी डोळ्यांनी बघितला! पुढे तोंड करून बसलो होतो, डाव्या हाताला होता."

"आणि मी मोजून नकाशा काढलाय! उजव्या हाताला. हवा तुला फसवतेय."

"हवा फसवत नाही! नकाशा फसवतोय!"

तीस वर्षांत माझ्या नकाशाला असं कोणी बोललं नव्हतं. मी चिडून कागद आणला आणि अंगणातल्या टेबलावर आपटला. "बघ! हे टिंब! ही सही!" मेहुण्याने बघितलं, डॉक्टरांनी बघितलं. बायकोने मात्र तो कागद उचलला, दोन्ही हातांनी उजेडासमोर धरला आणि एकदम हसायला लागली. अशी हसली, की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"हा काढलात कसा?"

"म्हणजे? बिछान्यावर पडून. उताणा."

"आणि वर वाचलात कसा?"

"पोटावर पडून."

"अहो, मग बाही उलटी नाही का लागणार!" तिने हातातलं ब्लाउज उलटं केलं, अस्तर बाहेर. "अस्तराकडून माप घेतलंत आणि सुलट बाजूने लावलंत! आतून जी उजवी, ती बाहेरून डावी. माझ्याकडे नवीन आलेल्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते हे!"

मी कागद उलटा करून उजेडात धरला. लाल टिंब डावीकडे गेलं. मेहुण्याच्या बुडबुड्यावर अगदी अचूक बसलं. म्हणजे नकाशा अचूकच होता, फक्त पाठमोरा. तीन नळकांड्या सीलंट मी एका निरोगी जागेवर ओतलं होतं! भर अंगणात, दातांच्या डॉक्टरांसमोर मी असा तोंडघशी पडलो, की डॉक्टरांनाही काही करता आलं नसतं.

पण वेळ घालवून चालणार नव्हतं. आता बायकोच मुकादम झाली. "आधी जुनं खरवडा," म्हणाली. "मग घासा, पुसा, सुकू द्या. मळक्या कापडावर ठिगळ बसतं का कधी?" मेहुण्याने मान डोलावली, पंक्चरलाही तेच लागतं म्हणाला. तो एक स्क्रू आम्ही काढला. त्याखालचं भोक तिळाएवढं! एवढ्याशा तिळाने माझा आठवडा खाल्ला होता. खरवडून, घासून, पुसून मेहुण्याने नवा स्क्रू बसवला आणि मी त्यावर नखाएवढं सीलंट लावलं. झाकणाखाली चिकट रबरी पट्टी घालून तेही जागेवर बसवलं. त्याच्या कडेला तडा गेला होता, तिथे मेहुण्याने दुकानातलं लाल गोल पॅच चिकटवलं. दिसायला कपाळावर टिकली लावल्यासारखं झालं, पण चालतं.

रविवार उजाडला. संध्याकाळी पावणेपाचला डॉक्टर स्वतःची खुर्ची घेऊन आले. मध्ये स्टूल, स्टुलावर गाडीची किल्ली. बायको आपली उशी काखेत मारून आली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. मी शिडीवर नळी घेऊन, मेहुणा खाली घड्याळ घेऊन.

"सुरू!"

पाणी सोडलं. पत्र्यावर तडतड तडतड. पाच मिनिटं. दहा मिनिटं. माझं अर्धं लक्ष पाण्यात, अर्धं दारात. दार उघडलं की संपलं सगळं. समुद्र गेला, रस्ते गेले, गाडी गेली आणि उद्यापासून समोर आमच्याच बिछान्यावर लोक आ करून पडणार! पंधरा. वीस. शर्ट पाठीला चिकटला, तो पाण्याने की घामाने ते मला अजून माहीत नाही.

"तीस!" मेहुणा ओरडला. "भाऊजी, जिंकलो!"

मी नळी बंद केली.  दार काही उघडलं नाही.

"अगं?" मी हाक मारली. उत्तर नाही.

"ताई?" उत्तर नाही.

"बहुतेक वहिनी रागावल्या असाव्यात," डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांचा हात स्टुलाकडे सरकला.  पहिल्याच मिनिटाला थेंब पडला असेल आणि ही अर्धा तास रागाने भिजत पडली असेल, असं डोळ्यांपुढे आलं. मी शिडीवरून उतरून दार उघडलं. तिघेही आत डोकावलो.

बायको गाढ झोपली होती. कपाळ कोरडं, उशी कोरडी, तोंड सताड उघडं.

"दाढा उत्तम आहेत," डॉक्टर कुजबुजले.

माझा जीव भांड्यात पडला. अगदी खणखणीत आवाज करत पडला म्हणा ना! मी तिच्या पायाला हलकेच हात लावला. तिने एक डोळा उघडला. आमची तीन डोकी बघितली. मग वर छताकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"नळी कोणी बंद केली?"

"अगं, अर्धा तास झाला. एकही थेंब पडला नाही! गाडी आपली राहिली!"

"ते असू दे," कूस बदलत ती म्हणाली. "पंचवीस वर्षांत अशी झोप लागली नव्हती मला. पत्र्यावर काय छान वाजत होतं ते! जा, सुरू करा पुन्हा. आणि जाताना दार ओढून घ्या."

डॉक्टर खुर्ची उचलून घरी गेले. मेहुणा ब्लोअर घेऊन दुकानात गेला. आणि मी गेलो शिडीवर.

या गोष्टीला आता पाच महिने होतील. गाडी ठणठणीत आहे, अंगणातच आहे. बायको रोज जेवण झालं की उशी काखेत मारून गाडीत जाते. समुद्राचा विषय मी काढतो अधूनमधून. "जाऊ या की," ती म्हणते, "पण तिथे नळ जवळ असेल ना?" मग मी आपली नळी उचलतो.

तर कधी आमच्याकडे आलात, तर स्वागतच आहे. फक्त दुपारी दोन ते अडीच सोडून या. तेव्हा मी पाऊस पाडत असतो.